कापलेले थांबे

कवळीताईचं डोकं फिरलं तेव्हा ती एका अनोळखी माणसाचे खालचे दात घासत होती. माणूस तिथे नव्हता, नुसते दातच होते, गुलाबी हिरडीत बसवलेले आणि पॉलिशच्या चाकाखाली धरलेले. टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता. एरवी चाक चालू असताना ती फोनकडे ढुंकूनही बघत नसे. पण आज तिच्या फोरमचं नवं घर उघडलं होतं, म्हणून तिनं चाक बंद केलं, बोटांवरची ओली पावडर ॲप्रनला पुसली आणि फोन उचलला.

तिचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे ठसे यायचे, त्यात ती प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात लावायची आणि तयार कवळी डब्यात घालून परत पाठवायची. खोली रस्त्याच्या कडेलाच, पण दाराला जाड काच, आणि काचेच्या आत फळ्यांवर ओळीनं प्लास्टरचे जबडे मांडलेले. दिवसभर तोंडांशीच काम, तरी बोलायची वेळ येत नाही, हा या धंद्याचा सगळ्यात मोठा गुण. कारण कवळीताई बोलताना अडायची. लोक नकला करतात तसं त-त-प-प नव्हे. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथे दार बंद. आवाज नाही, श्वास नाही, मानेच्या शिरा तेवढ्या ताठ. मग सुटायचा तेव्हा सुटायचा. हे थांबे कागदावर येत नाहीत. तेव्हा या गोष्टीत ती जिथे जिथे बोलेल तिथे ते वाचणाऱ्यानं आपल्या मनानं धरावेत, आणि कमी धरू नयेत.

अशाच अडणाऱ्यांसाठी ती इंटरनेटवर एक फोरम चालवायची. त्याचं नाव ‘सावकाश’. अडखळणाऱ्या माणसाला जन्मभर जो सल्ला ऐकावा लागतो तो म्हणजे ‘सावकाश बोल’, आणि ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो तोही हाच. म्हणून मुद्दाम तेच नाव ठेवलं होतं. तिथे कुणी खऱ्या नावानं लिहीत नसे. शिंपीकाका, चिमणी, कंडक्टर, कवळी, अशी सगळी मंडळी. यात लपवाछपवी नव्हती. स्वतःचं नाव ही अडखळणाऱ्याच्या तोंडातली सगळ्यात अवघड गोष्ट असते. बाकी शब्दांना पळवाट काढता येते, ‘पाणी’ अडलं तर ‘तहान लागली’ म्हणून वेळ मारून नेता येते. नावाला पळवाट नाही. कुणी विचारलं की तेच सांगावं लागतं, आणि ते अडलं की समोरचा हसून म्हणतो, काय हो, स्वतःचं नाव विसरलात की काय?

म्हणून ‘सावकाश’वर एक रीत पडली होती. ज्या दिवशी हिंमत होईल त्या दिवशी आपलं नाव आपल्या आवाजात रेकॉर्ड करून तिथे टाकायचं. जेवढा वेळ लागेल तेवढा लागू द्यायचा. ऐकणाऱ्यानं शेवटपर्यंत ऐकायचं, पुढे ढकलायचं नाही, आणि मग खाली एकच शब्द लिहायचा: ‘थांबलो’ किंवा ‘थांबले’. शाबासकी द्यायची नाही. ‘किती धीट’ वगैरे लाडीगोडी तर अजिबात चालायची नाही, कवळीताई ती पुसून टाकायची.

शिंपीकाका कित्येक वर्षं तिथे नुसते वाचत बसायचे. मग एकदा त्यांनी रेकॉर्डिंग टाकलं. सुरुवातीला बराच वेळ काहीच नाही. मग मशीनचं चाक कुणीतरी हातानं उगाच फिरवल्याचा आवाज. मग एक गिऱ्हाईक येतं, पँट झाली का विचारतं, उत्तर मिळत नाही, ‘उद्या येतो’ म्हणून निघून जातं. पुन्हा शांतता. त्या शांततेत शिंपीकाकांचा अडकलेला श्वास ऐकू येतो, आणि अगदी शेवटी, कापड फाटावं तसं, त्यांचं नाव येतं. ‘सावकाश’वरच्या झाडून सगळ्यांनी ते ऐकलं होतं. खाली ‘थांबलो’, ‘थांबले’ची नुसती रांग लागली होती.

आता फोरम म्हणजे शेवटी कुठल्यातरी कंपनीच्या मशीनवर भाड्यानं राहणारं बिऱ्हाड. जुन्या होस्टिंग कंपनीचं मशीन म्हातारं झालं होतं. रेकॉर्डिंग चालता चालता अडकायचं, पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहायचं. ‘सर्व्हर आपल्यातलाच दिसतो,’ असं कंडक्टर म्हणायचा, आणि सगळे खदखदून हसायचे. पण हसून किती दिवस काढणार? शेवटी कवळीताईनं धाकट्याला सांगितलं, बाबा रे, हे बिऱ्हाड दुसरीकडे हलव.

धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. दुकानांच्या वेबसाइटी बनवण्याचं काम करायचा. हातानं भराभर, पायानं भराभर आणि तोंडानं तर विचारूच नका. देवानं दोघांच्या वाटणीची जीभ एकट्यालाच दिली असावी. त्यानं लगेच एक नवी कंपनी शोधली आणि सगळं तिकडे नेलं. आज सकाळी नवं ‘सावकाश’ उघडलं.

आणि आता फोनवर मेसेजवर मेसेज येत होते. पहिला चिमणीचा होता: ‘कवळीताई, ही काय जादू केलीत! मी माझं नाव ऐकलं. मी किती छान बोलते! दहा वेळा ऐकलं!’

त्याच्याखाली शिंपीकाकांचा. ते एरवी दोन ओळींच्या पुढे कधी जात नसत. आजही गेले नव्हते. ‘माझं रेकॉर्डिंग उघडलं. त्यात मी नाही. दुसराच कुणी माणूस माझं नाव सांगतो आहे. माझं कुठे गेलं?’

कवळीताईनं शिंपीकाकांचं रेकॉर्डिंग लावलं. लावलं म्हणेपर्यंत संपलं. नाव आलं, खणखणीत, बँकेत काउंटरवर सांगावं तसं. चाक नाही, गिऱ्हाईक नाही, श्वास नाही. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा तेच. खाली ‘थांबलो’, ‘थांबले’ची रांग मात्र जशीच्या तशी होती. आणि त्या चुटकीएवढ्या आवाजाखाली ती रांग आता अशी दिसत होती, की शंभर माणसं मिळून म्हाताऱ्याची टर उडवत आहेत.

तिनं कंडक्टरचं लावलं. तेही तसंच. आणखी एक लावलं, आणखी एक. सगळे घडाघडा बोलत होते.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून धाकटा आत आला. हातात चहाचे दोन कागदी कप, चेहऱ्यावर बक्षीस घ्यायला आल्याचा भाव.

“काय मग! कसं पळतंय? बघितलंस का? एक रेकॉर्डिंग अडकत नाही. आणि सगळं मावलं! मला तर वाटलं होतं मावतंय कसलं, नव्या कंपनीनं जागा मोजून दिलीय. पण मी म्हटलं, थांब, यातली अर्धीअधिक फाइल तर रिकामीच आहे. मुलाखती साफ करायला एक प्रोग्रॅम असतो, आवाज नाही तिथे कापतो, मागची खडखड आणि दुसऱ्या कुणाचं बोलणं गाळतो, तेच तेच आलं की एकच ठेवतो. सगळ्या फाइली त्यातून काढल्या. एक बटण! पाव जागेत बसलं सगळं. आणि वर बोनस म्हणजे सगळे काय सुरेख बोलायला लागले गं! ऐकलंस का?”

कवळीताईचे ओठ मिटलेले होते. ती काहीतरी म्हणत होती, पण ते अजून दाराच्या आतच होतं.

“आवडलं ना?” धाकटा म्हणाला. “मला माहीतच होतं. थांब, तुझं ऐकवतो. तुझं तर मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.”

त्यानं तिच्या हातातून फोन घेतला आणि फोरमवरचं सगळ्यात पहिलं रेकॉर्डिंग लावलं. तिनं ‘सावकाश’ सुरू केलं त्या दिवशी स्वतः टाकलेलं. फोनमधून तिच्याच आवाजात तिचं नाव आलं. सबंध, गुळगुळीत, कुठेही न खरचटलेलं. असं ते तिच्या तोंडून उभ्या जन्मात कधी निघालं नव्हतं.

ती बघत राहिली. मग तिनं बोट पुढे केलं आणि ते पुन्हा लावलं.

खरं सांगायचं तर तिला ते आवडलं. एका क्षणापुरतं का होईना, पण आवडलं. फोनमधली ही बाई दुकानात गेली असती तर कुणी तिच्याकडे कीव करून बघितलं नसतं. या बाईला शाळेत बाकावर उभं राहून मुलांचं हसणं ऐकावं लागलं नसतं. चिमणी दहा वेळा ऐकणार नाही तर काय करणार? आणि मग कवळीताईला कळलं की तिला आवडलेली ती बाई म्हणजे तिच्यातून तिलाच कापून काढल्यावर उरलेली बाई आहे. तेव्हा जो राग आला तो असा आला, की टेबलावरचा चहाचा कप तिनं उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात आदळला. चहा उडाला, प्लास्टरच्या पिशवीवर सांडला.

“अगं, अगं! काय झालं?”

“कुणी सांगितलं तुला?” ती म्हणाली. हे म्हणायला तिला जेवढा वेळ लागला तेवढ्यात धाकट्यानं मध्ये तीनदा तोंड उघडलं होतं.

“कुणी म्हणजे? तूच! मी तुला विचारलं होतं. इथेच येऊन विचारलं, फाइलींमध्ये खूप रिकामी जागा आहे, काढून टाकू ना? तू हो म्हणालीस.”

तो दिवस तिला लख्ख आठवला. ती असंच चाक चालवत होती, तोंडावर मास्क होता. धाकटा दारातूनच ओरडून विचारत होता. तिनं चाक थांबवून वर बघितलं होतं आणि तिला विचारायचं होतं, कसली रिकामी जागा? शब्द अडला. ती तिथेच उभी, तो दारात, आणि शब्द मध्ये. मग धाकटा ‘बरं, काढतो मग’ म्हणाला आणि गेला सुद्धा. एवढंच तर झालं होतं. तिला वाटलं होतं जुना कचरा असेल काहीतरी.

“मी हो म्हटलं नाही,” ती म्हणाली. “मी काहीच म्हटलं नव्हतं. तू म्हणालास.”

“मग नाही तरी म्हणायचंस!”

“म्हणत होते. तू थांबलास का?”

धाकटा जरा गडबडला. पण गप्प बसणं हे त्याच्या स्वभावातच नव्हतं. “हे बघ ताई, मी तुमच्या भल्यासाठीच केलं. त्या फाइलींमध्ये होतं काय? काहीच नव्हतं! मी उघडून बघितलंय, नुसती सपाट रेघ. आवाजाची रेघ वर-खाली होते ना, ती नाहीच. सरळ. त्याला मी रिकामं म्हणणार नाही तर काय म्हणू?”

“तिथे शिंपीकाका होते,” कवळीताई म्हणाली.

धाकट्याला ते नीट कळलं नसावं.

“मूळच्या फाइली दे,” ती म्हणाली.

“त्या... म्हणजे माझ्याकडे आता कापलेल्याच आहेत. त्याच फाइलींवर चालवला ना मी प्रोग्रॅम. जुन्या कंपनीकडे होत्या.”

“होत्या?”

“अगं, दोन-दोन ठिकाणी कशाला ठेवायचं? मी जुनं खातं बंद करायला टाकलं. आज संध्याकाळी ते सगळं पुसून टाकतील.” तिचा चेहरा बघून तो घाईनं पुढे म्हणाला, “पण फोन करून थांबवता येतं! आत्ता करू. फक्त खातेदाराला स्वतः बोलावं लागतं. खातं तुझ्या नावावर आहे.” आणि लगेच, “काळजी करू नकोस, मी बोलतो.”

मी बोलतो! हे दोन शब्द कवळीताई तिला कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. शाळेत नवे मास्तर आले की हा खालच्या वर्गातून धावत यायचा आणि दारात उभा राहून तिचं नाव सांगून जायचा. दवाखान्यात काउंटरवर हा. पाहुण्यांसमोर हा. आई सगळ्यांना कौतुकानं सांगायची, बहिणीला किती जपतो बघा, तिला तोंड उघडू देत नाही. त्या वाक्यात काही वावगं आहे असं त्या घरात कुणालाही वाटलं नाही. तिला वाटायचं, पण तिला वाटतंय ते तोंडाबाहेर येईपर्यंत विषय बदललेला असायचा.

“मी करते,” ती म्हणाली.

तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून मशीनचा गोड आवाज आला. सुरक्षेसाठी खातेदारानं बीप वाजल्यानंतर आपलं पूर्ण नाव सांगावं. बीप वाजली. कवळीताईनं टेबलाची कड घट्ट धरली. नाव ओठांशी आलं आणि बसलं. मशीननं थोडी वाट बघितली. ‘आम्हाला काहीही ऐकू आलं नाही. फोन केल्याबद्दल धन्यवाद.’ आणि फोन बंद.

“बघितलंस?” धाकटा म्हणाला. “त्यात सोय असते, आकडे दाबले की माणूस येतो. मी लावून देतो.”

त्यानं लावून दिला. बराच वेळ गाणं वाजलं, मग खरोखरच एक माणूस आला. “नमस्कार, आपलं पूर्ण नाव सांगा.” कवळीताईनं तोंड उघडलं. “हॅलो?” माणूस म्हणाला. “हॅलो, हॅलो? मॅडम, आवाज येत नाही. लाइन खराब आहे बहुतेक. परत करा.” तोही गेला.

धाकट्यानं कपाळावर हात मारला. “ताई, हट्ट करू नकोस. हे बघ, मी माझ्या बायकोला बोलावतो. तिचा आवाज बाईचाच आहे ना? ती फोनवर तुझं नाव सांगेल. एका सेकंदाचं काम आहे!”

एका सेकंदाचं काम! कवळीताईला वाटलं, समोरच्या फळीवरचा एखादा जबडा उचलावा आणि याच्या डोक्यात घालावा.

पण तिला हेही दिसत होतं की तो म्हणतोय ते शहाणपणाचं आहे. संध्याकाळ काही कुणासाठी थांबत नाही. तिचं नाव निघालं नाही तर शिंपीकाकांचं चाक गेलं, ते गिऱ्हाईक गेलं, कंडक्टर गेला, सगळे गेले, आणि ज्यांनी विश्वासानं आपली नावं तिच्याकडे ठेवली त्यांना ती काय तोंड दाखवणार? भावजयीनं सांगितलं काय, तिनं स्वतः सांगितलं काय, फाइली वाचल्या म्हणजे झालं. दुसरी कुणीही बाई असती तर तिनं हेच केलं असतं. मग हा हट्ट होता का? होता. पण या फाइलींमध्ये दुसरं होतं तरी काय? ज्यांनी दुसऱ्याला आपलं नाव सांगू दिलं नाही अशा माणसांचे हट्टच तर होते ते. ते वाचवायला तिनं उसनं तोंड आणलं असतं तर ते वाचूनही मेल्यासारखेच.

“नाही,” ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून एरवी फार अडायचा. आज सटकन निघाला.

तिनं खोलीत नजर फिरवली. माणसानं फोन ठेवला कशामुळे? पलीकडे कुणी आहे हे त्याला कळत नाही म्हणून. टेबलावर, वरचा आणि खालचा जबडा बिजागरीनं जोडून उघडझाप करून बघायचं एक लोखंडी यंत्र होतं. त्यात सकाळचंच काम लावलेलं, एका आजोबांचं सबंध तोंड. कवळीताईनं ते ओढून फोनजवळ आणलं आणि उघडून मिटलं. कट्. पुन्हा मिटलं. कट्.

“हे काय करतेस?” धाकटा म्हणाला.

“फोन लाव.”

पुन्हा गाणं वाजलं. या वेळी एक बाई आली, दमलेल्या आवाजाची. “बोला. आपलं पूर्ण नाव?”

कवळीताईनं तोंड उघडलं आणि दार बंद झालं. तिनं हातानं जबडा मिटला. कट्.

“हॅलो?”

कट्. कट्.

“हा कसला आवाज येतोय? मॅडम, आहात का तुम्ही?”

कवळीताईच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. शेजारी धाकटा नुसता तळमळत होता. त्याची मान पुढे आली, ओठ वळले, तिच्या नावाचं पहिलं अक्षर त्याच्या तोंडात तयार झालेलं तिला दिसलं. तिनं दुसऱ्या हाताचा पंजा सपकन त्याच्या तोंडावर दाबला. ॲप्रनला पुसूनही पंजाला पावडर चिकटलेलीच होती. धाकट्याचे डोळे विस्फारले, त्याच्या नाकातोंडात पॉलिशची माती गेली. तो मागे सरायला गेला तशी तिनं त्याला भिंतीशी रेटलं. एका हातानं भावाचं तोंड बंद आणि दुसऱ्या हातानं आजोबांचं तोंड उघडझाप, अशी ती उभी राहिली. त्या वेळी कुणी दारात आलं असतं तर काय समजलं असतं देव जाणे.

“तुम्ही लाइनवर असाल,” पलीकडची बाई हळू आवाजात म्हणाली, “तर तो आवाज एकदा करा.”

कट्.

“बरं. मी आहे इथेच.”

आणि ती खरंच राहिली. तिच्या मागे दुसरे फोन वाजत होते, कुणीतरी तिला काहीतरी विचारत होतं. तिनं त्यांना उत्तर दिलं नाही आणि इकडेही काही म्हणाली नाही. खोलीत फळीवरचे जबडे, भिंतीशी दाबलेला भाऊ, बाहेर काचेपलीकडून जाणारी माणसं. राग कवळीताईच्या पायांपासून वर चढत होता. मशीनचा राग होता, त्या पहिल्या माणसाचा होता, सपाट रेघेचा होता, आईच्या कौतुकाचा होता, आणि मघाशी स्वतःचंच कापलेलं नाव दोनदा ऐकलं त्याचाही होता. नाव त्या सगळ्याच्या खाली होतं. ते निघायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला.

मग तिनं नाव सांगितलं. ते इथे लिहायचं नाही. लिहिलं की एका झटक्यात वाचून होतं.

“मिळालं खातं,” पलीकडची बाई म्हणाली. “बंद करायची विनंती आहे ती रद्द करायची का? झाली. फाइली जशा होत्या तशा आहेत.”

“आभारी आहे,” कवळीताई म्हणाली. हे मात्र एका दमात निघालं. जीभ अशीच असते, नको तिथे उदार.

तिनं धाकट्याच्या तोंडावरचा हात काढला. तो थूथू करत बेसिनकडे पळाला, चुळा भरल्या, तोंड पुसलं. वळला तेव्हा तो हसत होता. “सांगितलंस की! मी म्हणत नव्हतो, तुला जमतं!”

“कधी म्हणाला होतास?”

त्यानं पुन्हा एकदा तोंड पुसलं.

“बस इथे,” कवळीताई म्हणाली. “कापलेलं सगळं काढ. मूळचं आण.”

“अगं पण नव्या कंपनीत मावणार नाही ते.”

“मग मोठी जागा घे.”

तो बसला. दुपारभर तिच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो जुन्या मशीनवरून फाइली उतरवून नव्यावर चढवत राहिला. जुनं मशीन अडत होतं, चक्र फिरत होतं, आणि आज त्याला घाई करता येत नव्हती. तोवर कवळीताईनं शिंपीकाकांना लिहिलं: ‘तुमचं सापडलं. आज परत लावते.’ चिमणीला काय लिहावं ते तिला पटकन सुचेना. त्या पोरीवर रागावून चालणार नव्हतं, तो मोह तिनं स्वतः चाखला होता. शेवटी तिनं लिहिलं: ‘ते कापलेलं तुझ्याजवळ ठेवायचं असेल तर ठेव. इथे मात्र तुझं मूळचंच राहील.’ चिमणीचं उत्तर आलं नाही. येईल तेव्हा येईल, आणि कदाचित चांगलं येणारही नाही, हे कवळीताईला ठाऊक होतं.

“झालं,” अखेर धाकटा म्हणाला. “सगळं जसंच्या तसं. आता खूश?”

ती खूश नव्हती. ती हात धुऊन त्याच्यामागे येऊन उभी राहिली. “पहिलं लाव. माझं.”

“आता? अगं ते मला माहितेय.”

“लाव.”

त्यानं लावलं. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट सरकू लागली. फोरम सुरू झाला त्या दिवशीची तिची खोली त्यातून ऐकू येत होती, नळ ठिबकत होता, खुर्ची करकरत होती. धाकट्यानं थोडा वेळ ऐकलं. मग तो खुर्चीत हलला. मग त्याचा हात आपोआप माऊसकडे गेला.

“संपलं नाही अजून,” कवळीताई म्हणाली.

त्यानं हात मागे घेतला. रेघ सरकत राहिली. मधे कुठेतरी एक श्वास आत घेतलेला ऐकू आला आणि तिथेच राहिला. एवढी वर्षं एका घरात काढली, पण हा श्वास त्यानं कधी ऐकला नसावा. त्याच्याआधीच तो बोलून मोकळा झालेला असायचा. त्याचा चेहरा जरा उतरला. तो खुर्चीच्या कडेवर आला, डोळे बारीक केले, आणि रेकॉर्डिंगमधली ती अजून दाराच्या आत असतानाच त्याचे ओठ हलले. आवाज न करता त्यानं तिचं नाव सांगून टाकलं.

कवळीताईनं ते दाराच्या काचेत उमटलेलं बघितलं.

पुष्कळ वेळानं रेकॉर्डिंगमधून नाव आलं. धाकट्यानं सुस्कारा सोडला, डोळे पुसले, आणि खाली टाइप केलं: ‘थांबलो’.

कवळीताईनं त्याच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि तो शब्द पुसून टाकला.

“नाही थांबलास,” ती म्हणाली. “पुन्हा लाव.”

त्यानं पुन्हा लावलं.